बंदुकीचा परवाना, निवडणूक आणि उमेदवाराची भूमिका

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तेथील उमेदवारांना एका प्रश्नाचे उत्तर हमखास द्यावे लागते. बंदुकांवर नियंत्रण असावे की नसावे? ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत, अशा आमच्या अनेक वाचकांच्या घरी या प्रश्नाची चर्चा होत असते. शाळेत झालेल्या गोळीबाराची बातमी आली की येथील आजी-आजोबांच्या जिवाचा थरकाप होतो. अशा वेळी आमच्याकडे हटकून एक विचारणा होते: आपल्याकडे कोणताही उमेदवार या विषयावर एक शब्दही का बोलत नाही? आपल्याकडे बंदुका नाहीत काय?

आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगरकपारीच्या वाड्यांमध्ये जुन्या घराच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत ठासणीची बंदूक भिंतीला टांगलेली आजही आढळते. मात्र आपल्या देशात बंदूक हा नागरिकाचा हक्क मानलेला नाही; ती शासनाने विचारपूर्वक दिलेली परवानगी आहे. हा निर्णय आपोआप झालेला नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा वाद आहे, आणि त्या वादात रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन थोर पुरुषांच्या भूमिका परस्परांपासून बऱ्याच दूर होत्या. त्यांचा परिचय करून घेतल्यावाचून आजचा कायदा नीट उमगत नाही.

लोकमान्य आणि बाबासाहेब

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी देश निःशस्त्र करण्यास प्रारंभ केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा करून त्यावर कळस चढविला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. भारतीय माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. युरोपीय माणसाला मात्र त्यातून सूट होती. कायद्यातील हा वर्णभेद लोकांना बंदुकीच्या अभावापेक्षा अधिक झोंबला. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव झाला. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक हे या कायद्याचे कठोर टीकाकार होते. संपूर्ण समाजावर अविश्वास दाखवून त्याला दुबळे करणारा कायदा, असे त्यांचे त्याविषयीचे मत होते. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीदेखील १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात एका अखंड राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. १९३१ साली वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराची येथे जे अधिवेशन झाले, त्यातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता.

म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा वारे शस्त्रहक्काच्या बाजूने वाहत होते. डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत नागरी स्वातंत्र्यांच्या अनुच्छेदावर चर्चा सुरू असताना मध्यप्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या अनुच्छेदात घालावा, अशी दुरुस्ती सुचविली. कराचीच्या ठरावाचे ऋण फेडण्याचाच तो प्रयत्न होता.

त्या सूचनेला मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तर दिले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातील, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता: कोणीही बाजारात जावे आणि हल्ल्याची वाटेल ती साधने विनाअडथळा विकत घ्यावीत, असा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्याने कारभार चालवावा तरी कसा, याची आपल्याला कल्पनाच करवत नाही. देशावर संकट आल्यास शस्त्र हाती धरण्याचे कर्तव्य नागरिकावर असले पाहिजे; हक्कापेक्षा त्या कर्तव्याचे महत्त्व त्यांना अधिक वाटत होते. कामत यांची दुरुस्ती फेटाळली गेली. आज संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे, पण तो उलट्या अर्थाने आहे: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, मात्र शांततेने व विनाशस्त्र.

आम्हांला बाबासाहेबांची भूमिका दूरदृष्टीची वाटते. ज्या समाजात जमीनदार, सावकार आणि गावगुंड यांच्या हाती आधीच बळ एकवटले होते, तेथे बंदुकीचा हक्क कागदोपत्री सर्वांना मिळाला तरी बंदूक प्रत्यक्षात कोणाच्या हाती गेली असती, हे सांगण्यास ज्योतिषी नको. टिळकांचा राग मात्र अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परक्या सत्तेने अविश्वासापोटी काढून घेतलेली वस्तू आणि आपणच निवडलेल्या प्रतिनिधींनी विचारान्ती मर्यादित केलेली वस्तू यांत फरक आहे. (जाता जाता एक नोंद. ज्या इंग्लंडच्या परंपरेतून शस्त्रहक्काची कल्पना अमेरिकेत गेली, तेथील १६८९ च्या हक्कांच्या सनदेने हा हक्क केवळ प्रॉटेस्टंट प्रजेला दिला होता. कॅथॉलिकांना त्यातून वगळले होते.)

आजचा कायदा काय सांगतो

१८७८ चा कायदा जाऊन शस्त्र अधिनियम, १९५९ आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालील नियमावली प्रथम १९६२ ची होती, आता २०१६ ची आहे. बंदुकीसाठी परवाना अनिवार्य आहे. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज तो मिळत नाही. परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी होत. ते पोलिसांचा चौकशी अहवाल मागवितात आणि मग निर्णय देतात. नकार मिळाल्यास अपील करता येते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. गरीब कुळवाड्यालाही कायद्याने दार उघडे ठेवले आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम १३ महत्त्वाचे आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. ठासणीची बंदूक त्या कामाला अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. प्रतिष्ठेसाठी कमरेला पिस्तूल लटकविण्याची जी हौस काही शहरी मंडळींत दिसते, तिला कायद्यात आधार नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागेल. तिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजाने ठासायची, वर छर्रे भरायचे आणि मग बार काढायचा. एक बार झाला की पुन्हा भरण्यास वेळ लागतो. जंगलातून आलेला रानडुकरांचा कळप आवाजाने पांगविणे, हे तिचे मुख्य काम. भात लोंबीवर आले की रात्रीतून अख्खा कुणगा तुडवून टाकणारी डुकरे, शहाळी उपटून फेकणारी वानरे, काजूच्या बागेत धुमाकूळ घालणारी माकडे यांचा उपद्रव ज्याने भोगला आहे, त्याला ही बंदूक चैनीची वस्तू वाटणार नाही. माळ्यावर जागून राखण करण्यास घरात माणूस उरलेला नाही, कारण तरुण मुंबईला गेले. राहिली ती म्हातारी माणसे. आपल्याकडे अनेक ठिकाणी भातशेती ओस पडली, त्यामागे हे एक कारण आहे आणि ते मोठे आहे.

येथे एका गोष्टीविषयी वाचकांना सावध करणे आम्हांला अगत्याचे वाटते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारायचे असेल तरी त्यासाठी वनखात्याच्या सक्षम अधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. परवाना हातात आहे म्हणून डुकराच्या मागे रानात शिरणारा मनुष्य गुन्हा करतो आणि जीवही धोक्यात घालतो, स्वतःचा आणि इतरांचाही. अंधारात झुडूप हलले म्हणून बार टाकावा आणि झुडपामागे आपलाच सोबती निघावा, अशा दुर्घटना कोकणात घडल्या आहेत. अशा घरी सांत्वनाला गेलेल्या माणसाला बोलायला शब्द सापडत नाहीत. नासाडी झालेल्या पिकाचा पंचनामा करून वनखात्याकडे नुकसानभरपाई मागता येते. ती रक्कम पुरेशी असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

अलीकडचा महत्त्वाचा बदल डिसेंबर २०१९ मधील आहे. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत. गृहमंत्री अमित शहा यांनी मांडलेल्या मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. हरकती आल्यावर ती दोन ठरली. वाडवडिलांकडून आलेले शस्त्रही या दोनांतच मोजायचे आहे. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवान्याविना शस्त्रे बाळगण्याच्या प्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये चिंता व्यक्त केली आणि अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, याचे स्मरण करून दिले. देशात याला अपवादासारखी एक जागा आहे. शेजारच्या कर्नाटकातील कोडगू येथील कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट मिळत आली आहे, आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

निवडणुकीत बंदूक कोठे असते

आचारसंहिता लागू झाली की परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येऊ लागतात. पूर्वी हा आदेश सरसकट काढला जाई. ज्याच्यावर कधी साधा दखलपात्र गुन्हा नोंदला गेला नाही, अशा सत्तरीच्या शेतकऱ्यालाही पावसापाण्यातून बंदूक खांद्यावर टाकून तालुक्याच्या गावी जावे लागे, आणि नेमकी तेव्हाच पिके रानडुकरांच्या स्वाधीन होत. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या सरसकटपणाला आळा घातला आणि २००९ साली निवडणूक आयोगाने त्याला अनुसरून सूचना दिल्या. त्यानुसार जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातील दंगलीत, सहभागी झालेले अशांची शस्त्रे प्रामुख्याने जमा करून घ्यावयाची असतात. निकालानंतर ती परत मिळतात. आपल्याला नोटीस आली आणि आपण या कोणत्याही वर्गात बसत नाही असे वाटले, तर समितीकडे लेखी निवेदन देण्यास संकोच करू नये. मात्र आदेश कायम राहिला तर तो निमूटपणे पाळावा आणि जमा केलेल्या शस्त्राची पोच जपून ठेवावी.

मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४-ब अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि परवानाही जाऊ शकतो. बंदोबस्तावरील पोलीस व निवडणूक अधिकारी यांनाच यातून सूट आहे.

अमेरिकेतील एका कॅथॉलिक उमेदवाराची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकन संविधानातील १७९१ ची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देते आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तिगत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे तेथे नियंत्रणाची भाषा करणारा उमेदवार लोकांचा हक्क हिरावून घेऊ पाहतो, असा आरोप करणे सोपे जाते.

त्या देशाचे पहिले कॅथॉलिक अध्यक्ष जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे हत्या झाली. मारेकऱ्याने ती रायफल टपालाने मागविली होती. पाच वर्षांनी त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट केनेडी अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळविण्याच्या प्रचारात उतरले. मे १९६८ मध्ये ओरेगन राज्यातील रोझबर्ग या गावी ते गेले, तेव्हा बंदूक नियंत्रणाला विरोध करणारे फलक घेऊन लोक उभे होते. शिकारीवर जगणारा तो मुलूख. मतांचा हिशेब करणारा दुसरा कोणी विषय टाळून पुढे गेला असता. रॉबर्ट यांनी तेथेच सांगितले की गुन्हेगार, मनोरुग्ण आणि अल्पवयीन मुले यांच्या हाती टपालाने बंदूक जाता कामा नये. ओरेगनमध्ये ते पराभूत झाले. कॅलिफोर्नियात जिंकले, आणि विजयाच्या त्याच रात्री लॉस एंजेलिस येथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जून १९६८ रोजी ते मरण पावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली आणि टपालाने बंदुका विकण्यास आळा बसला. परंतु प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक बंदूकधारकास परवाना या दोन गोष्टी कायद्यात येऊ शकल्या नाहीत, याची खंत त्यांनी त्याच वेळी बोलून दाखविली. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी कायद्याचा पाया आहेत. १ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याच रोझबर्गजवळील महाविद्यालयात एका तरुणाने नऊ जणांना गोळ्या घालून ठार केले.

त्यानंतरच्या उमेदवारांच्या भूमिका थोडक्यात सांगता येतील. दुसरे कॅथॉलिक अध्यक्ष जो बायडन यांनी जून २०२२ मध्ये खरेदीदाराची चौकशी काहीशी कडक करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २०२४ च्या निवडणुकीत कमला हॅरिस यांनी युद्धात शोभतील अशा रायफलींवर बंदी मागितली आणि त्याच वेळी आपल्याजवळही बंदूक आहे असे आवर्जून सांगितले. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर १३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियात गोळीबार होऊन ते जखमी झाले, तरीही नियंत्रणाला असलेला त्यांचा विरोध कायम राहिला आणि ते निवडूनही आले.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. स्वतःचे व आपल्यावर विसंबून असणाऱ्यांचे रक्षण करणे न्याय्य आहे. आणि शस्त्रांच्या निर्मितीवर व विक्रीवर नियमन ठेवणे हा सार्वजनिक सत्तेचा हक्क व कर्तव्य आहे. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात या दोन्ही गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेससमोर भाषण करताना शस्त्रविक्रीमागे पैसा असतो, असे त्या लोकप्रतिनिधींच्या तोंडावर सांगितले होते.

आपल्या उमेदवाराला काय विचारावे

शस्त्रे व दारूगोळा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत आहे. म्हणजे कायदा बदलण्याचे काम संसदेचे. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी वा राजापूर येथील विधानसभेच्या उमेदवाराने तो बदलून देण्याचे आश्वासन दिले, तर ते पोकळ समजावे. परंतु परवान्याचे अर्ज वर्षानुवर्षे का पडून राहतात, वनखात्याची परवानगी पीक गेल्यानंतर का मिळते, भरपाईचे दर कोणत्या आधारावर ठरतात, हे प्रश्न राज्याच्या कारभारातील आहेत आणि ते आमदाराला खुशाल विचारावेत. लोकसभेच्या उमेदवाराला गावठी कट्ट्यांच्या चोरट्या व्यापाराविषयी विचारता येईल. खुद्द उमेदवाराची माहितीही मिळते: अर्जासोबतच्या शपथपत्रात त्याच्यावरील प्रलंबित खटले नमूद असतात, त्यांत शस्त्र अधिनियमाखालील गुन्हाही येतो. आपल्याकडील सभांमध्ये आंब्याचा भाव, रस्ते, बंदर यांवर बोलणारे वक्ते रानडुकराचे नाव काढतात, टाळ्या घेतात आणि पुढे जातात. त्यांना थांबवून पुढचा प्रश्न विचारणारा श्रोता सभेत नसतो.

राहता राहिला आमच्याकडे वारंवार येणारा एक घरगुती प्रश्न. आजोबा वारले, बंदूक भिंतीवर आहे, परवाना ट्रंकेत आहे, मुलगे मुंबईत, पुढे काय? परवाना मृत व्यक्तीच्या नावे असल्याने ते शस्त्र घरात ठेवणे बेकायदेशीर ठरते, मग ती बंदूक गंजलेली का असेना. ती विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी. वारसांपैकी एकास ती हवी असेल तर २०१६ च्या नियमांनुसार त्याला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. परवानाधारक हयात असतानाही त्यांनी वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असल्यास, किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले असल्यास, वारसाच्या नावे परवाना करून घेण्याची सोय आहे. वारस अर्जदाराला पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते, आरोग्याचे प्रमाणपत्र व शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. कोणालाच बंदूक नको असेल तर तसे लेखी कळवून ती पोलिसांकडे सोपवावी. नदीत टाकू नये, पुरू नये, शेजाऱ्याला देऊ नये.